मळवलीची चाळीस मिनिटं

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक माननीय मुकुंद साठे साहेब, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो आहोत ते सुभेदार दौलतराव निकम, त्यांच्या शेजारी बसलेल्या यशोदाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, जुळणी, चाचणी, गोदाम आणि बॅटरी खोलीतले माझे सहकारी, त्यांच्याबरोबर आलेले कुटुंबीय, आणि जेवणाची टेबलं भिंतीला लावून या कॅन्टीनचं दोन तासांसाठी सभागृह करून देणारे कर्मचारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव पद्मजा. मी नियोजन विभागात काम करते. सोप्या शब्दांत सांगायचं तर गणितं करते. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी घरी घड्याळ लावून दोनदा वाचून पाहिलं, तेव्हा चौदा मिनिटं लागली. ही चार मिनिटं मी मुद्दाम जास्तीची घेते आहे, तेव्हा त्याबद्दल कृपया मला चिठ्ठी पाठवू नये.

आणखी एक. आपल्या कामाच्या स्वरूपामुळे हे भाषण काल सुरक्षा विभागाला दाखवावं लागलं. त्यांनी दोन वाक्यं खोडली. ती मी वाचणार नाही. जी खोडली नाहीत ती सगळी वाचणार आहे. सुरक्षा विभाग जागांची नावं आणि आकडे शोधतो. माणसांबद्दल काय लिहिलंय तिकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं, असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला.

सुभेदारसाहेबांची ही दुसरी निवृत्ती. अठ्ठावीस वर्षं ते सैन्याच्या संदेशवहनात होते आणि त्यानंतर चौदा वर्षं आपल्याकडे. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांची एक सवय लवकर कळते. ते फोन उचलल्यावर कधीही हॅलो म्हणत नाहीत. ‘ऐकतोय’ म्हणतात आणि गप्प बसतात. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला वाटलं, लाइन तुटली. मी तीन वेळा हॅलो हॅलो केलं. पलीकडून शांतपणे आवाज आला, “मॅडम, मघाशीच सांगितलं, ऐकतोय.”

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही साहेबांच्या गुडघ्याचा उल्लेख केला. गुडघ्यामुळे गेले सात महिने त्यांना मैदानावरच्या चाचण्यांना जाता आलं नाही, गोदामात बसून खोकी मोजावी लागली आणि तेही त्यांनी हसतमुखाने केलं, असं तिघंही म्हणाले. मी ते टिपून घेतलं आहे. या गुडघ्याकडे मी परत येणार आहे.

इथे बरीच कुटुंबं आली आहेत, म्हणून आधी आमचं काम थोडक्यात सांगते.

समजा, मैदानावर सैन्याच्या अकरा तुकड्या आहेत. त्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी बिनतारी संच लागतात. आम्ही त्यांना नुसतं सेट म्हणतो. सेट तीन प्रकारचे. गाडीवर बसवायचा मोठा सेट लांबवर पोचतो, पण महाग असतो. पाठीवर घ्यायचा सेट मध्यम. हातात मावणारा छोटा सेट स्वस्त, पण मध्ये डोंगर आला की मुका होतो. सेट मोजके आहेत आणि खर्चाची मर्यादा ठरलेली आहे. तर कोणत्या तुकडीला कोणते सेट किती द्यायचे, म्हणजे कमीत कमी खर्चात एकही तुकडी एकटी पडणार नाही? हा प्रश्न गेल्या वर्षी आपल्याकडे आला आणि तो माझ्या टेबलावर आला.

तुकड्यांची खरी नावं मला सांगता येत नाहीत. खरं तर ती मलाही कुणी सांगितली नव्हती. म्हणून आम्ही त्यांना आपल्या पुणे-लोणावळा मार्गावरच्या स्टेशनांची नावं दिली. रसद पोचवणारी, दिवसभर गजबजलेली तुकडी ती पिंपरी. मधल्या फळीतली एक कासारवाडी. आणि सगळ्यांत पुढे जाऊन टेहळणीला बसणारी, लांबची, शांत तुकडी ती मळवली. आजच्या गोष्टीसाठी ही तीन नावं पुरेशी आहेत.

कुणाला किती सेट लागतात हे ठरवायला काहीतरी मोजायला हवं. मी ठरवलं की बोलणं मोजायचं. जी तुकडी जास्त बोलते तिची गरज जास्त, जी कमी बोलते तिची कमी. हा नियम समितीने केला नव्हता आणि संगणकानेही केला नव्हता. तो मी केला होता. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मग बारा दिवसांचा सराव झाला. प्रत्येक तुकडीबरोबर आपल्या चाचणी विभागातला एक माजी सैनिक बसला. बोलण्याचं बटण केव्हा दाबलं आणि किती वेळ दाबून ठेवलं, हे तो कागदावर लिहायचा. रोज संध्याकाळी सगळे कागद सुभेदारसाहेबांकडे यायचे. ते बेरजा करायचे आणि मला तक्ता द्यायचे. मी कधीही त्यांच्या बेरजेत चूक काढू शकले नाही. प्रयत्न केला होता.

तिसऱ्या दिवशी मी कच्चं उत्तर काढलं. मळवलीकडे पाच सेट होते आणि बोलणं होतं दिवसाला तीन मिनिटं. माझ्या गणिताने सांगितलं, मळवलीला दोन सेट ठेवा, तीन पिंपरीला द्या. मी तो कागद साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, “मॅडम, मळवली बोलत नाही हे खरं आहे, पण...”

मी त्यांना तिथेच थांबवलं. मी म्हणाले, “साहेब, मला मत नको, आकडा हवा. अनुभव मी कुठल्या रकान्यात भरू?”

टेबलाभोवतीची माणसं हसली. साहेबही हसले. थोडं उशिरा.

चौथ्या दिवशीच्या तक्त्यात मळवली चाळीस मिनिटं बोलली होती. पाचव्या दिवशी अडतीस. सहाव्या दिवशी त्रेचाळीस. सगळं एकाच मुख्य सेटवरून.

आता आपल्यापैकी किती जणांना संशय आला असता? कदाचित आला नसता. सरावाने वेग घेतला, पुढची तुकडी बोलायला लागली, असंच कुणीही म्हणेल. मीही एक दिवस तसंच म्हटलं. मग बॅटरी खोलीतला नवनाथ भेटला. नवनाथ आज समोर बसला आहे आणि त्याला कल्पना नाही की त्याचं नाव येणार आहे. सरावात चार्जिंगची गाडी त्याच्याकडे होती. बॅटरी परत आली की तिच्यात किती टक्के उरलं ते तो वहीत लिहायचा. तो मला सहज म्हणाला, “मॅडम, मळवलीवाले लई गुणाचे हैत बघा. बॅटरी नेतेत अन् ऐंशी टक्के भरलेली परत आणून देतेत. पिंपरीवाले बघा, पार चोथा करून आणतेत.”

मी तिथेच उभी राहिले. सेट नुसता ऐकत असला तर बॅटरी थोडीशीच खर्च होते. बोलायला लागला की झपाट्याने उतरते. चाळीस मिनिटं बोललेल्या सेटची बॅटरी माझ्या हिशोबाने निम्म्याच्या खाली यायला हवी होती. ती ऐंशीवर होती. म्हणजे मळवली बोललेलीच नव्हती. ती चाळीस मिनिटं कागदावर झाली होती.

माझा स्वभाव संशयी आहे. आपल्या कामात तो गुण समजला जातो, म्हणून मी तो लपवत नाही. आकडा खोटा दिसला की तो कुणाला हवा होता, हे मी आधी बघते. मी नवनाथकडून वही मागून घेतली आणि कारण सांगितलं नाही. मळवलीचे मूळ कागद शोधले, तर चौथ्या दिवसापासूनचे फाइलला नव्हतेच, नुसत्या बेरजा होत्या. मळवलीबरोबर नोंदी लिहायला बसलेला माजी हवालदार कोण, हे शोधलं, तर साहेबांच्या शेजारच्या गावचा निघाला. सेट जास्त लागतात असं सिद्ध झालं तर कोणत्या पुरवठादाराकडे मागणी वाढते, याची यादी केली आणि त्या यादीतला कोण साहेबांना ओळखतो हे बघत बसले. साहेब चहाला कुणाबरोबर जातात तेही मी आठ दिवस पाहिलं. ते नवनाथबरोबर जात होते, आणि मला त्यातही काहीतरी दिसलं.

या दिवसांत एकदा ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, आजकाल मी आलो की कागद पालथे पडतात.”

मी म्हणाले, पंख्याचा वारा आहे.

त्यांनी वर पाहिलं. पंखा बंद होता. ते आपल्या टेबलाकडे परत गेले.

त्यानंतर मी एक गोपनीय टिपण लिहिलं. तीन पानं, पाच मुद्दे. पहिले चार मुद्दे आजही बरोबर आहेत. त्यातला प्रत्येक आकडा मी परत तपासला आहे. पाचवा मुद्दा असा होता: ‘हेतू स्पष्ट नाही, परंतु संशयास्पद आहे.’ हेतू स्पष्ट नसेल तर समोरच्या माणसाला तो विचारता येतो. साहेब माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसत होते.

चौकशीला दोघांची समिती बसली. त्यांनी विचारलं, मळवलीचे आकडे तुम्ही वाढवून लिहिले का? साहेब म्हणाले, होय. समितीने विचारलं, का? साहेब म्हणाले, “मॅडमना आकडा हवा होता.” समितीने इतिवृत्तात लिहिलं, ‘उत्तर उडवाउडवीचं.’

त्यानंतर सुभेदारसाहेबांना मैदानावरून काढून गोदामात बसवण्यात आलं, आणि सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगण्यात आलं.

अध्यक्ष महाशय, आपण पाण्याचा ग्लास उचललात. सावकाश घ्या, माझं अजून थोडं बाकी आहे. गुडघ्याचं कारण आपण त्यांची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून काढलंत, हे मला माहीत आहे. त्यात वाईट हेतू नव्हता. पण साहेबांचे दोन्ही गुडघे उत्तम आहेत. त्यांना गोदामात बसवलं ते माझ्या टिपणाने.

मघाशी दारात यशोदाबाईंना भेटले. शिष्टाचार म्हणून विचारलं, आता गुडघा कसा आहे? त्या म्हणाल्या, “कसला गुडघा? पिंपळे गुरवला आमची लिफ्ट महिनाभर बंद होती, हे चार मजले पाण्याचा जार खांद्यावर घेऊन चढले. मी तेव्हाच ओळखलं, कंपनीत काहीतरी झालंय.” मी म्हणाले, मग तुम्ही त्यांना विचारलं नाहीत? त्या म्हणाल्या, “विचारल्यावर सांगणारा माणूस असता तर सैन्यात संदेश सांभाळायला ठेवला असता का?”

म्हणजे संशय मला एकटीलाच येत होता असं नाही. फक्त त्यांनी संशयाचं टिपण लिहिलं नाही.

आता पुढचं. साहेब गोदामात गेल्यावर शेवटच्या चाचणीला त्यांच्या जागी कुणीतरी जायला हवं होतं. मी गेले. चाकणच्या पलीकडे एका टेकडीवर आपण मळवलीसारखी एक चौकी उभी केली होती. तिथे चाचणी विभागातले यशवंतराव सेट घेऊन बसले होते. ते मावळातले, जुने ऑपरेटर. मी त्यांच्या शेजारी सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत बसले. कानाला हेडफोन, हातात वही. या सहा तासांत यशवंतराव एक शब्द बोलले नाहीत. मी काही विचारायला तोंड उघडलं की हाताने गप्प करायचे. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेली नाही, असं माझ्या घरचे सांगतील.

दर तासाला मागच्या ठाण्यावरून एकच शब्द यायचा. “मळवली?” यशवंतराव बोलण्याचं बटण दोनदा दाबायचे, टक टक, आणि सोडून द्यायचे. माझ्या वहीत बोलण्याचा वेळ शून्य.

खाली उतरल्यावर मी विचारलं, हे काय होतं? यशवंतराव म्हणाले, “आमी तिथं बोलायला न्हाई बसत, ऐकायला बसतो. बोललं की समोरच्याला कळतं आमी कुठं हाय ते.”

मी विचारलं, मग पाच सेट कशाला लागतात?

ते म्हणाले, “एक फुडचं ऐकायला, एक मागचं ऐकायला. बाकीचे, हे बंद पडले तर. तिथवर नवा सेट घिऊन कोण येनार, तुमी?”

आणि बटणाचं? त्यांनी मला ते समजावून सांगितलं, लहान मुलाला समजावतात तसं. ठाण्याने हाक मारली की चौकीने एकदा दाबायचं, म्हणजे ऐकलं. दोनदा दाबायचं, म्हणजे ऐकलं आणि इथे सगळं ठीक आहे. मी विचारलं, दाबलंच नाही तर? यशवंतरावांनी विडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. म्हणाले, “मंग मागून मानसं निघतात.”

संध्याकाळच्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि माझं गणित माझ्यासमोर मोडून पडत होतं. पिंपरीचा सेट बंद पडला तर ते मिनिटाभरात कळतं, कारण पिंपरी सतत बोलत असते. ती अचानक गप्प झाली की सगळ्यांच्या लक्षात येतं. मळवली गप्पच असते. तिचा सेट बंद पडला तर पुढच्या हाकेपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणजे राखीव सेटची गरज सगळ्यांत जास्त कुणाला? जी सगळ्यांत कमी बोलते तिला. मी नेमके तिचेच सेट काढून घेत होते, आणि कोष्टकात ते अतिशय व्यवस्थित दिसत होतं.

मी प्रश्नच बदलला. तुकडी किती बोलते, हे मोजणं सोडून दिलं. तुकडीचा सेट बंद पडला तर ते किती वेळाने कळेल, आणि दुसरा सेट तिथे पोचायला किती वेळ लागेल, हे मोजलं. मळवलीचे पाच सेट पाचच राहिले. पिंपरीचं बोलणं बहुतेक जवळच्या जवळ असतं, तिला महागड्या सेटांऐवजी हातातले छोटे सेट पुरले. एकूण खर्च माझ्या पहिल्या उत्तरापेक्षा थोडा कमीच आला. तो अहवाल मंजूर झाला. त्याबद्दल कंपनीने माझा सत्कार केला, याच सभागृहात. सुभेदारसाहेब तेव्हा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहत होते.

आणि नवनाथची ती वही. मी ती परत उघडली. मळवलीच्या बॅटऱ्या रोज ऐंशी टक्क्यांवर परत येत होत्या. सेट बंद ठेवला असता तर बॅटरी शंभरवर आली असती. कुणी एक शब्द बोलत नाही आणि तरी रोज न चुकता वीस टक्के खर्च होतात, याचा अर्थ काय? अर्थ असा की तो सेट चोवीस तास चालू आहे आणि कुणीतरी चोवीस तास ऐकतंय. ज्या आकड्यावरून मी साहेबांचं खोटं पकडलं, त्याच आकड्यात त्यांचं म्हणणं लिहिलेलं होतं. बारा दिवस ते माझ्यासमोर होतं. मी ते फक्त पुरावा म्हणून वाचलं.

कृपया टाळ्या नकोत, माझं संपलेलं नाही. साहेबांनी केलं ते बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. सेट मोजके होते. ती खोटी चाळीस मिनिटं गणितात गेली असती तर मळवलीचे सेट वाचले असते, पण कासारवाडीचे दोन गेले असते. एका पानात जास्त वाढलं की दुसऱ्या पानात कमी पडतं, आणि कमी कुणाला पडलं हे वाढणाऱ्याला दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मी गोदामात गेले. साहेब खोकी मोजत होते. मी म्हणाले, ते टिपण मी लिहिलं होतं. ते म्हणाले, “माहीत आहे. पाच मुद्दे, पाचांना क्रमांक, आणि क्रमांकापुढे टिंब. या कंपनीत असं दुसरं कोण लिहितं?”

मग मी त्यांना कासारवाडीचं सांगितलं. कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कासारवाडीच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, “हे मला कळलं नव्हतं. तेव्हा सांगितलं असतंत तर लिहिलं नसतं.”

मी म्हणाले, तुम्हीही मला मळवलीचं तेव्हा सांगायला हवं होतं.

ते म्हणाले, “सांगायला तुम्ही रकाना कुठे ठेवला होता? जो होता त्यात भरलं.”

 मी त्यांना विचारलं, निरोपाच्या कार्यक्रमात हे बोललं तर चालेल का? ते म्हणाले, “बोला. पण माझी बाजू घेऊ नका. झालं ते सांगा.” त्याप्रमाणे मी झालं ते सांगितलं आहे.

आता ज्यासाठी मी चार मिनिटं जास्तीची घेतली ते. मी अहवाल दुरुस्त केला, पण टिपण दुरुस्त केलं नाही. का? पाच महिने वेळ होता. मी स्वतःला सांगत राहिले की पहिले चार मुद्दे तर बरोबरच आहेत. तो पाचवा मुद्दा आजही साहेबांच्या फाइलमध्ये आहे. साहेब आता गावाकडे, सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका केंद्रात, मुलांना बिनतारी संच शिकवायला जाणार आहेत. त्या केंद्राने कंपनीकडे वर्तणुकीचं पत्र मागितलं आहे. ते पत्र या फाइलवरून तयार होणार आहे. फाइल आज साडेपाचला बंद होऊन दप्तरखान्यात जाते. आत्ता पाच वाजून बारा मिनिटं झाली आहेत.

आज सकाळी मी नवीन टिपण लिहून अध्यक्षांना दिलं. त्यावर त्यांची सही झाली तरच ते फाइलला लागतं. अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रमानंतर बघू. अध्यक्ष महाशय, आपल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. ‘नंतर बघू’ या शब्दांबद्दल मला संशय आहे, कारण हेच शब्द मी पाच महिने स्वतःशी वापरले. म्हणून त्याची प्रत मी इथे वाचते. लहान आहे.

‘माझ्या आधीच्या टिपणातला पाचवा मुद्दा मी मागे घेते. सुभेदार निकम यांनी मळवलीचे आकडे वाढवून लिहिले, हे खरं आहे. त्यात त्यांचा किंवा इतर कुणाचा लाभ नव्हता. मोजण्याचा नियम चुकीचा होता. नियम माझा होता. त्यांनी ते तोंडी दाखवून देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना थांबवलं. पद्मजा.’

यात क्रमांक घातलेले नाहीत, साहेब.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या संयोजकांचे, मला वही देणाऱ्या आणि इतके महिने कारण न विचारणाऱ्या नवनाथचे, मला सहा तास गप्प बसवणाऱ्या यशवंतरावांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मी आभार मानते. यशोदाबाई, तुम्हाला हे असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, त्याबद्दल मला माफ करा. बोलण्यात कुठे तोल सुटला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहून गेला असेल, तर तेही पदरात घ्या. आकड्यांत चूक राहिली असेल तर मात्र माफ करू नका, मला येऊन सांगा. मी ऐकेन.

सुभेदारसाहेब, आपल्याला उत्तराचं भाषण करायला आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण बोलू नका. समोर टेबल आहे. मी एकदाच हाक मारते.

मळवली?

...

एकदा.

एकदाच. मी आणखी थोडी थांबून पाहिलं. म्हणजे ऐकलं, इतकंच. बरोबर आहे. सगळं ठीक आहे, असं अजून म्हणता येत नाही.

अध्यक्ष महाशय, पाच वाजून सोळा मिनिटं झाली आहेत. टिपण आपल्या खिशात आहे आणि पेन माझ्याकडे आहे. मी इथेच उभी आहे.